ऑक्टाव्हिया आरएसमध्ये आयएस३८ टर्बो : बूस्टच्या आधी गिअरबॉक्सचा हिशेब

श्कोडाने भारतात विकलेल्या तिसऱ्या पिढीच्या ऑक्टाव्हियामध्ये १.८ टीएसआय इंजिनाची ताकद १८० पीएस (अश्वशक्ती) आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २५० न्यूटन मीटर होता. हेच इंजिन युरोपातल्या फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या, ऑक्टाव्हियामध्ये बसवले गेले तेव्हा ताकद तेवढीच राहिली, टॉर्क मात्र २८० न्यूटन मीटर झाला. या ३० न्यूटन मीटरचे कारण गिअरबॉक्समध्ये होते. आपल्याकडच्या गाडीला कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीक्यू२०० हा डीएसजी (दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स) होता आणि तो २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी घडवलेला आहे. फोर बाय फोर गाडीला तेलात फिरणाऱ्या क्लचचा सहा गिअरचा डीक्यू२५० होता, ज्याचे माप ३५० आहे. म्हणजे गाडी बनवणारी कंपनी आधी गिअरबॉक्स किती झेलेल ते ठरवते आणि मग इंजिनाला तेवढीच मोकळीक देते. रस्त्यावरच्या गाडीत मोठा टर्बो (इंजिनात दाबाखाली हवा कोंबणारे यंत्र; त्या दाबालाच बूस्ट म्हणतात) बसवायचा असेल तर विचाराचा क्रम हाच असायला हवा, आणि आयएस३८ या टर्बोचे हे परीक्षण मी त्याच क्रमाने करतो आहे.

ज्या गाडीत हा टर्बो बसवला ती ऑक्टाव्हिया आरएस २३० आहे, म्हणजे २०१७ मध्ये भारतात आलेली, शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेली गाडी. तिचे इंजिन ईए८८८ मालिकेच्या तिसऱ्या पिढीचे, १९८४ सीसीचे असून ते २३० पीएस ताकद आणि १५०० ते ४६०० आरपीएमपर्यंत सपाट ३५० न्यूटन मीटर टॉर्क देते. गिअरबॉक्स डीक्यू२५०. टॉर्कचा आकडा आणि गिअरबॉक्सचे माप इथे तंतोतंत जुळते, हे वाचकाच्या लक्षात आलेच असेल. कारखान्यातून या गाडीला आयएचआय या जपानी कंपनीचा आयएस२० टर्बो येतो. त्याच कंपनीचा, त्याच घराण्यातला मोठा भाऊ म्हणजे आयएस३८, जो फोक्सवागन गोल्फ आर, आऊडी एस३ आणि सिआट लिऑन कुप्रा या गाड्यांमध्ये कारखान्यातूनच बसवला जात असे. सातव्या पिढीच्या गोल्फ आरमध्ये त्याने ३०० पीएस आणि ३८० न्यूटन मीटर दिले, आणि तेही सुरुवातीला याच डीक्यू२५० गिअरबॉक्सबरोबर. त्यामुळे ३५० हा आकडा ओलांडला की गिअर तुटलेच असे समजण्याचे कारण नाही. पण गोल्फ आरमध्ये खुद्द कारखान्याने तो केवळ ३० न्यूटन मीटरने ओलांडला आणि चारही चाकांत वाटून दिला, तर आरएसमध्ये सगळा टॉर्क पुढच्या दोन चाकांवर येतो, ही गोष्ट डोळ्यांआड करण्यासारखी नाही.

बसवण्याच्या दृष्टीने आयएस३८ला पूर्ण गुण द्यावे लागतील. या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असल्याने टर्बो थेट हेडवर बसतो, आणि दोन्ही टर्बोंची बैठक सारखीच आहे. वेगळा मॅनिफोल्ड घडवणे, वेल्डिंग करणे, तेलाच्या नळ्या वळवून आणणे यांपैकी काहीही करावे लागत नाही. वेस्टगेट (जादा वायू टर्बोला वळसा घालून जाऊ देणारी झडप) विजेच्या मोटरवर चालतो, म्हणून टर्बो बसवल्यावर निदान यंत्राने त्याची अडॅप्टेशन करून घेणे, म्हणजे त्याची हालचाल संगणकाला नव्याने शिकवणे, अत्यावश्यक असते; ती राहिली तर बूस्ट कधी कमी तर कधी अकारण जास्त मिळतो. जुने नट, स्टड आणि गॅस्केट पुन्हा वापरू नयेत, आणि पहिल्यांदा स्टार्ट करण्याआधी टर्बोच्या बेअरिंगमध्ये तेल भरून घ्यावे, एवढी काळजी चांगला मेकॅनिक न सांगता घेतो. बाजारात याच नावाने नकली टर्बोही विकले जातात, तेव्हा किंमत फारच आकर्षक वाटली तर तिथेच थांबावे. जास्त बूस्टवर या टर्बोचा शाफ्ट निकामी झाल्याच्या तक्रारी, विशेषतः सुरुवातीच्या आवृत्त्यांबाबत, जगभरच्या मालकांनी केल्या आहेत, आणि कमाल बूस्ट किती ठेवायचा हे ठरवताना त्या मनात ठेवायला हव्यात.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे टर्बोच्या गप्पांत टॉर्कचा आकडा मोठा करून सांगण्याची चढाओढ असते. ५०० न्यूटन मीटर काढले, असे कोणी अभिमानाने सांगतो. आयएस३८ हा आकडा देऊ शकतो यात शंका नाही. परंतु ताकद म्हणजे टॉर्क आणि आरपीएम यांचा गुणाकार असतो. ३००० आरपीएमवरचे ५०० न्यूटन मीटर म्हणजे जेमतेम २१४ पीएस, तर ६००० आरपीएमवरचे ४०० न्यूटन मीटर म्हणजे सुमारे ३४२ पीएस. पहिल्या आकड्याने क्लच, कनेक्टिंग रॉड, ड्राइव्ह शाफ्ट आणि पुढचे टायर या सगळ्यांवर सर्वाधिक ताण येतो आणि गाडी मात्र मूळ आरएसच्या ताकदीइतकीही पळत नाही. दुसऱ्या आकड्यात ताण कितीतरी कमी असतो आणि गाडी खऱ्या अर्थाने वेगवान होते. मोठ्या टर्बोचा गुण वरच्या आरपीएममध्येच आहे. खालच्या आरपीएममध्ये टॉर्क ओढून काढायचा असेल तर लहान आयएस२० ते काम लवकर आणि अधिक चांगले करतो. म्हणून या गाडीत रीमॅप करून घेताना, म्हणजे इंजिनाच्या संगणकातल्या आज्ञा बदलून घेताना, मधल्या आरपीएममध्ये टॉर्क ४००च्या आसपास रोखला आणि तो शक्य तितका वरपर्यंत टिकवायला सांगितले. टर्बोच्या निवडीपेक्षा या एका निर्णयाने गाडीचा स्वभाव जास्त ठरला आहे, असे माझे मत आहे.

४००चा हा आकडा कुठून आला, तेही सांगतो. तिसऱ्या गिअरमध्ये, फायनल ड्राइव्ह धरून, इंजिनाचा टॉर्क चाकांपर्यंत साधारण साडेपाचपट होऊन पोहोचतो. चाकाची त्रिज्या ३२ सेंटीमीटर धरली तर ५०० न्यूटन मीटरला पुढच्या दोन चाकांवर मिळून जवळजवळ ८७५ किलो वजनाइतका रेटा येतो, आणि ४०० न्यूटन मीटरला सुमारे ७००. गाडी चालकासह दीड टनाच्या जवळपास आहे. वेग घेताना वजन मागे सरकते, त्यामुळे पुढच्या चाकांवर साडेआठशे किलोच्या आसपास भार उरतो आणि कोरड्या, चांगल्या डांबरावर त्याच्या नव्वद टक्क्यांइतकी पकड मिळाली तरी ती ७६५ किलो होते. हा ढोबळ हिशेब आहे, गिअरबॉक्समधले नुकसान यात वजा केलेले नाही, तरी चित्र स्पष्ट दिसते : ५०० न्यूटन मीटरला तिसऱ्या गिअरमध्येही चाके घसरण्याच्या काठावर असतात आणि ट्रॅक्शन कंट्रोल ताकद कापत राहतो, तर ४००ला तिसऱ्या गिअरमध्ये सगळी ताकद रस्त्यावर उतरते. पहिल्या दोन गिअरमध्ये तर मूळ गाडीसुद्धा चाके घसरवते, म्हणून तिथे गिअरनुसार टॉर्क आणखी खाली ठेवणे शहाणपणाचे. पावसाळ्यात लोणावळ्याच्या ओल्या रस्त्यावर पकड याहून कितीतरी घटते आणि तेव्हा ४००ही जास्तच असतात. गोल्फ आरला जे शोभते ते इथे शोभत नाही, याचे कारण टर्बोमध्ये नसून मागच्या चाकांना ताकद न मिळण्यात आहे.

गिअरबॉक्सचे काम मी टर्बोच्या आधी करून घ्यायला सांगेन. डीक्यू२५०चे क्लच तेलाच्या दाबाने आवळले जातात आणि तो दाब किती असावा हे गिअरबॉक्सचा स्वतंत्र संगणक ठरवतो. इंजिनाचा रीमॅप केला आणि हा संगणक तसाच ठेवला, तर दोनपैकी एक गोष्ट घडते : एकतर गिअरबॉक्स आपल्या जुन्या मर्यादेवर बोट ठेवून इंजिनाला टॉर्क कमी करायला सांगतो, किंवा दाब अपुरा पडून क्लच घसरतो, तेल तापते आणि प्लेट जळू लागतात. गिअरबॉक्सचा रीमॅप म्हणजे केवळ गिअर झटपट बदलावेत म्हणून करायची हौस असा समज आपल्याकडे बराच पसरला आहे, पण त्याचे खरे महत्त्व या वाढीव दाबात आहे. दाब योग्य वाढवला तर ४००च्या आसपास मूळ क्लच पॅक समाधानाने काम करतात; ५००च्या पलीकडे जायचे असेल तर जास्त क्षमतेचे क्लच पॅक आधीच अंदाजपत्रकात धरावेत. क्लच घसरतो आहे की नाही हे चालवताना नेहमी जाणवत नाही, म्हणून इंजिनाचा वेग आणि गिअरबॉक्सच्या आतल्या शाफ्टचा वेग यांची नोंद काढून दोन्ही रेषा एकमेकींवर बसतात का ते पाहावे. या गिअरबॉक्समध्ये तेल आणि फिल्टर ६०,००० किलोमीटरवर बदलायचे असतात. वाढीव टॉर्क आणि आपल्याकडचा उन्हाळा लक्षात घेता मी ते अंतर निम्मे करावे असे सांगतो.

गिअरबॉक्सच्या खालचे टॉर्क माऊंटिंगही बदलण्याजोगे आहे. मूळ रबर मऊ असते, त्यामुळे ताकद एकदम आली की इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून पुढे-मागे डुलतात आणि चाके घसरताना गाडीचा पुढचा भाग थडथडतो. पॉलियुरेथेनचा घट्ट तुकडा बसवला की हे बरेच कमी होते. मात्र सिग्नलला उभे असताना स्टिअरिंगमध्ये कंप येतो, आणि घरातल्या इतरांनाही हीच गाडी चालवायची असेल तर त्यांना आधी कल्पना द्यावी. त्यातल्या त्यात मऊ दर्जाचा तुकडा निवडणे हा रस्त्याच्या गाडीसाठी योग्य मध्यम मार्ग आहे.

गाडी चालवताना फरक कसा जाणवतो, याचे उत्तर आरपीएमनुसार बदलते. अडीच हजारांच्या खाली ही गाडी मूळ आरएसपेक्षा थोडी मंद आहे. बूस्ट साधारण ५०० ते ७०० आरपीएम उशिरा भरतो. पुण्याच्या गर्दीत, सिंहगड रोडवर किंवा हिंजवडीच्या रांगेत, जिथे इंजिन दोन हजारांच्या पुढे क्वचितच जाते, तिथे या टर्बोचा काडीचाही उपयोग नाही. तीन हजारांनंतर ओढ स्थिर आणि भरदार होते. खरा आनंद साडेचार हजारांच्या पुढे आहे. आयएस२० जिथे धाप लागल्यासारखा होतो, तिथून आयएस३८ साडेसहा हजारांपर्यंत एकसारखा खेचत राहतो. घाटात दुपदरी रस्त्यावर मालट्रकला मागे टाकताना तिसऱ्या गिअरमध्ये गाडी विरुद्ध बाजूला किती काळ राहते, हा माझ्या दृष्टीने कोणत्याही ट्यूनिंगचा सगळ्यात उपयोगी निकष आहे, आणि तो काळ इथे स्पष्टपणे कमी झाला आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे आणि ती पाळायलाच हवी. तिथे या ताकदीचा वापर मर्यादा गाठण्यापुरताच. पूर्ण ताकद अजमावून पाहायची असेल तर बंदिस्त ट्रॅक किंवा अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या ड्रॅग स्पर्धांसारखी जागा शोधावी.

उष्णतेच्या बाबतीत मोठा टर्बो लहानापेक्षा सरस ठरतो, आणि या गुणाची चर्चा फारशी होत नाही. बाहेर ४० अंश तापमान असताना हवा अडीचपट दाबायची झाली तर ७० टक्के कार्यक्षमतेने चालणाऱ्या कॉम्प्रेसरमधून ती साधारण १७० ते १७५ अंशांवर बाहेर पडते. लहान टर्बोला त्याच्या आवाक्याबाहेर ताणले आणि कार्यक्षमता ६० टक्क्यांवर घसरली, तर तीच हवा १९५ अंशांच्या आसपास जाते. वीस अंशांचा हा फरक इंटरकूलरचे, म्हणजे दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचे, काम हलके करतो. अर्थात इंटरकूलर मूळचाच ठेवला तर विदर्भात किंवा मराठवाड्यात मे महिन्यात सलग दोन-तीन वेळा जोर लावल्यावर तो तापतो, मग संगणक इग्निशन मागे घेतो (ठिणगी उशिरा पाडतो) आणि पैसे मोजून मिळवलेली ताकद नाहीशी होते. मोठा इंटरकूलर हा या यादीतला माझ्या मते सर्वांत कमी धोक्याचा आणि सर्वांत खात्रीचा खर्च आहे. टर्बो न बदलणाऱ्यानेही तो करावा. स्पार्क प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) घ्यावेत आणि गॅप ०.६ मिलिमीटरच्या जवळ ठेवावा. इंजिन ऑईल मूळ वेळापत्रकाच्या निम्म्या अंतरावर बदलावे.

पेट्रोलचा प्रश्न मात्र गुंतागुंतीचा आहे. इंडियन ऑईलचे एक्सपी१०० पुण्या-मुंबईत काही पंपांवर मिळते, ते बरेच महाग आहे, आणि महामार्गावर सोलापूरच्या पुढे किंवा कोकणात उतरताना त्यावर विसंबून राहता येत नाही. म्हणून रीमॅप ९५ ऑक्टेन (अवेळी पेट न घेण्याच्या पेट्रोलच्या क्षमतेचे माप) धरूनच करावा आणि वरचे पेट्रोल मिळाले तर ती सुरक्षिततेची शिल्लक समजावी. आता पंपावर सर्रास येणारे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल ऑक्टेनच्या दृष्टीने चांगले असते, पण त्याला जळण्यासाठी लागणारे हवा आणि इंधनाचे प्रमाण १४.७ वरून १३.५च्या आसपास येते. म्हणजे तेवढ्याच हवेला जवळजवळ ९ टक्के जास्त पेट्रोल पुरवावे लागते, आणि मोठ्या टर्बोवर कॅमशाफ्टवर चालणारा उच्च दाबाचा इंधनपंप आधीच जोर लावत असतो. रीमॅप करणाऱ्याला इंधनाच्या रेलमधल्या दाबाची नोंद मागावी. पूर्ण ताकदीवर तो दाब लक्ष्यापेक्षा खाली पडत असेल तर बूस्ट कमी करावा किंवा पंप बदलावा. या गाड्या वीस टक्के इथेनॉलसाठी बनवलेल्या नव्हत्या, हेही ध्यानात असावे.

डाऊनपाईप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाईप) बदलताना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकण्याचा सल्ला अनेक गॅरेजमध्ये सहज दिला जातो. मी तो मानू नये असे आग्रहाने सांगतो. विरळ जाळीचा, जास्त प्रवाह देणारा कन्व्हर्टर मिळतो आणि त्याने ताकदीत होणारा तोटा किरकोळ असतो. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या फुप्फुसात काय जाते याची जबाबदारी आपली आहे. कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असे बदल करता येत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले, आणि कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. विमा कंपनी अपघातानंतर दावा नाकारू शकते. ज्याला हा टर्बो घ्यायचा आहे त्याने हे आधी समजून घ्यावे, आणि ज्याला ही जोखीम पत्करायची नाही त्याने गाडी मूळ स्थितीत ठेवावी. आरएस २३० मूळ स्थितीतही उत्तम गाडी आहे.

खर्चाबद्दल एवढेच सांगतो की टर्बोची किंमत एकूण रकमेच्या निम्म्याहून कमी भरते. दोन्ही संगणकांचे रीमॅप, इंटरकूलर, डाऊनपाईप, माऊंटिंग, प्लग, तेल, चांगले टायर, ब्रेक पॅड आणि ताजे ब्रेक ऑईल हे सगळे धरूनच पैसे बाजूला काढावेत. पैसे अपुरे असतील तर टर्बो वगळावा आणि बाकीचे सारे करून आयएस२०वरच रीमॅप करावा. शहरात राहणाऱ्या बहुतेक मालकांना मी हाच मार्ग सुचवेन. ज्यांचे निम्मे किलोमीटर महामार्गावर आणि घाटांत होतात आणि ज्यांना वरच्या आरपीएमची ओढ आवडते, त्यांच्यासाठी आयएस३८ हा मला माहीत असलेला सर्वांत समंजस मोठा टर्बो आहे, टॉर्क आवरता ठेवण्याच्या अटीवर.

एक गोष्ट मी अद्याप केलेली नाही, ती म्हणजे पुढच्या चाकांसाठी हेलिकल गिअरचे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एक चाक घसरू लागले तरी दुसऱ्याला ताकद पोहोचवणारा गिअरसंच. सध्या गाडी आतले चाक घसरू लागले की ब्रेक लावून ताकद बाहेरच्या चाकाकडे वळवते. एखाद्या वळणापुरते हे ठीक असते, पण आंबोलीसारख्या लांब घाटात ब्रेक तापत राहतात आणि वळणातून बाहेर पडताना ताकद वायाही जाते. डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या आत बसते, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवून पूर्ण उघडावा लागतो आणि सुट्या भागाइतकीच मजुरीही मोठी असते. म्हणून क्लच पॅक बदलायची वेळ येईल तेव्हाच, गिअरबॉक्स उतरवण्याच्या त्याच मजुरीत, ते बसवून घ्यायचे ठरवले आहे; ज्यांचा गिअरबॉक्स टर्बोच्या निमित्ताने आधीच उघडणार आहे त्यांनी मात्र ते तेव्हाच बसवून घ्यावे.